चाड्यावरची मूठ नाचात कशी उतरते

मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला की मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत दरवर्षी एक वाक्य हमखास येतं: शेतकऱ्यांनी चाड्यावर मूठ धरली. हिंगोली जिल्ह्यात आता सोयाबीनचं क्षेत्र मोठं आहे आणि बरीचशी पेरणी ट्रॅक्टरमागच्या यंत्राने उरकते. त्या यंत्रात मुठीला काम नाही. ती मूठ ज्यांच्या हातात होती ती माणसं मात्र अजून आपल्यात आहेत, आणि त्यांच्या हातांना ती अजून येते.

ज्यांनी ही मूठ पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगायला हवं. तिफणीला तीन फण असतात. प्रत्येक फणामागे एक पोकळ नळी, आणि तिन्ही नळ्यांची तोंडं वर एका लाकडी वाटीला येऊन मिळतात. ती वाटी म्हणजे चाडं. बैलांचा कासरा एकाच्या हातात आणि चाड्याशी बहुतेक घरांत बाई. बियाणं तिच्या ओटीत. एका हाताने चाडं धरायचं, दुसऱ्याने ओटीतून मूठ भरून चाड्यावर आणायची आणि अंगठा व बोटांच्या फटीतून दाणे सोडत चालायचं. दाणे तिन्ही छिद्रांत सारखे गेले पाहिजेत. हात घाईला आला तर पेर दाट होते, रेंगाळला तर विरळ. एक मूठ संपून दुसरी येईपर्यंत खंड पडला, तर तेवढ्या तासात काही उगवत नाही. हे सगळं ढेकळांतून चालता चालता करायचं. पाय वरखाली होतात, कंबर डुलते, बैल मध्येच थबकतात, आणि मनगट मात्र जागचं हलत नाही. आठवडाभराने उगवण झाली की त्या मुठीची परीक्षा साऱ्या शिवाराला दिसते.

तिफण जपून ठेवता येते. एखाद्या संग्रहालयात, शाळेच्या व्हरांड्यात किंवा महामार्गावरच्या ढाब्यासमोर शोभेला ती दिसतेही. मूठ मात्र कुठे ठेवायची? ती वस्तू नाही. ती घडते तेव्हाच असते आणि घडवायला देह लागतो. व्हिडिओत तिचा आकार मिळतो. किती जोर लावला, कुठे सैल सोडलं, श्वास कधी घेतला हे पडद्यावरून हाताला कळत नाही. एका देहातली हालचाल दुसऱ्या देहात उतरली तरच टिकते. हेच ज्यांचं रोजचं काम आहे असे लोक म्हणजे नर्तक. गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगभरच्या समकालीन नृत्याने माणसांच्या साध्यासुध्या, कामाच्या, सवयीच्या हालचालींकडे जे लक्ष दिलं, त्याचा आपल्या भागाशी फार जवळचा संबंध आहे असं मला वाटतं.

रोजच्या हालचाली रंगमंचावर आणायची कल्पना आपल्याला नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे दोन मार्ग सांगितले आहेत. लोक जसे वागतात-चालतात तसं दाखवणं हा पहिला, संकेतांनी घडवून दाखवणं हा दुसरा. कोण कसं चालतं याचा, म्हणजे गतिप्रचाराचा, त्यात स्वतंत्र विचार आहे. पुढे शास्त्रीय नृत्याच्या शिक्षणात नाट्यधर्मीचा पसारा वाढला. पाणी भरणं, फुलं वेचणं, लोणी घुसळणं या हालचाली नृत्यात राहिल्या, पण इतक्या घोटून घोटून गुळगुळीत झाल्या की घागरीचं ओझं त्यांतून निघून गेलं.

हे ओझं कुठे गेलं, असा प्रश्न एका नर्तकीला भर रंगमंचावर पडला. चंद्रलेखा यांचा जन्म 1928चा, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या वाड्याचा. 1952 साली मद्रासमध्ये रायलसीमेच्या दुष्काळनिधीसाठी त्या भरतनाट्यम सादर करत होत्या. रचनेत यमुनेचं पाणी होतं, जलक्रीडा होती, हातांनी दाखवायच्या लाटा होत्या. नाचता नाचता त्यांना पाण्यासाठी रांगा लावून उभी असलेली माणसं आणि भेगाळलेली जमीन आठवली, आणि आपण हे पाण्याचं वैभव कोणासमोर दाखवतो आहोत, या विचाराने त्या आतून हलल्या. हा प्रसंग त्यांनी पुढे अनेकदा सांगितला. 1985च्या ‘अंगिका’त त्यांनी योग, कळरिपयट्टु आणि भरतनाट्यम यांना एकत्र आणून दागिने-कथांच्या आधीचा, नुसत्या देहाचा शोध घेतला. टँकरमागे हंडे घेऊन धावलेल्या मराठवाड्याला 1952चा तो प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. हंडा भरला की कमरेचा बाक बदलतो, हे इथल्या माणसाला पाहून माहीत असतं.

महाराष्ट्रात या विचाराचं आणखी एक मोठं पर्व होऊन गेलं. त्याची सुरुवात मात्र महाराष्ट्राबाहेरची. नर्तक उदय शंकर यांनी अल्मोड्याला 1939-40च्या सुमारास संस्कृती केंद्र उभं केलं. तिथल्या शिक्षणात साधं चालणं आणि माणसं न्याहाळणं यांना मान होता. ‘लेबर अँड मशिनरी’ ही त्यांची रचना कारखान्यातल्या माणसांच्या देहावर उभी होती; तिचा अंश त्यांच्या 1948च्या ‘कल्पना’ चित्रपटात पाहायला मिळतो. केंद्र 1944 मध्ये बंद पडलं. तिथे घडलेले शांती बर्धन मुंबईला आले आणि अंधेरीत इप्टाच्या मध्यवर्ती पथकाचं काम पाहू लागले. इप्टाची, म्हणजे भारतीय जननाट्य संघाची, स्थापना 1943ची, मुंबईचीच. बंगालच्या दुष्काळाच्या त्या दिवसांत भूक, ओझं, काम हे सगळं या कलावंतांनी नाचाचा विषय केलं. शेतकऱ्याची वाकलेली पाठ तोपर्यंत चित्रांत आणि कवितेत होती; आता नर्तकाची पाठ वाकली. बर्धन यांनी 1952 साली मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला आणि दोनच वर्षांनी त्यांचं निधन झालं.

पश्चिमेत जे घडलं त्याची सुरुवात थोडी निराळी. तिथे बॅलेच्या टाचा उचललेल्या, पंखासारख्या देहाचा काही तरुणांना कंटाळा आला होता. 1962 पासून न्यूयॉर्कमधल्या जडसन चर्चमध्ये जमणाऱ्या मंडळींनी धावणं, बसणं, ओझं उचलणं हेच नाच म्हणून मांडलं. स्टीव्ह पॅक्स्टन यांची 1967ची ‘सॅटिस्फाइंग लव्हर’ ही रचना म्हणजे बरीच माणसं रंगमंचाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला चालत जातात, मध्ये थांबतात, काही खुर्चीत बसतात, एवढंच. चालणारे नर्तक नसले तरी चालतात, उलट नसलेलेच बरे. पाहणाऱ्याच्या हळूहळू ध्यानात येतं की दोन माणसं सारखी चालत नाहीत.

चालण्याचा नाच करायला आपल्याकडे मात्र कोणाला कंटाळा यावा लागला नाही. परंपरेने संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी हिंगोली जिल्ह्यात आहे आणि तिथून पंढरीला पालखी जाते. दिंडीतली पावली पाहावी. दोन पावलं पुढे, एक मागे, गुडघ्यात किंचित लवून, टाळाच्या ठोक्यावर. दिवसभर चाललेल्या पायांना पुढचे कोस चालवून नेण्याची ती युक्तीही आहे आणि नाचही आहे. तिथे दोन्ही वेगळे करता येत नाहीत. आणि ज्याच्याकडे जायचं तो देवही कसा, तर कमरेवर हात ठेवून उभा. बांधावर, एसटीच्या थांब्यावर, दारात कोणाची वाट पाहणारा माणूस जसा उभा राहतो तसा. आपल्या सगळ्यात लाडक्या मूर्तीने एक रोजची ढब जपून ठेवली आहे.

पैठणच्या एकनाथांनी भारुडांत जे केलं ते तर मला या विषयाच्या गाभ्याचं वाटतं. वासुदेव, जोशी, गोंधळी, जागल्या, कोल्हाटी अशी गावगाड्यातली माणसं त्यांनी भारुडांतून उभी केली. अर्थ अध्यात्माचा, पण सादर करणाऱ्याला आधी जागल्याची काठी आपटण्याची रीत यावी लागते, वासुदेवाची गिरकी यावी लागते. गावातून जागल्या कधीच गेला. भारुड करणाऱ्याच्या खांद्यात आणि टाचेत तो अजून आहे. फुगडी-झिम्म्याच्या खेळांतही असंच काही साठलं आहे. सुपाची फुगडी, लाट्या, किसणी ही खेळांची नावंच सांगतात की बायकांनी घरकामाच्या हालचाली उचलून, कामाचं ओझं बाजूला ठेवून, त्यांचा खेळ केला. पंचमीला माहेरी आलेल्या मुलींचा फेर ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातला मोकळेपणा माहीत आहे.

मग समकालीन नर्तक यात वेगळं काय करतो? तो सोंग बाजूला काढतो. भारुडात हालचाल पात्राची असते, खेळात गाण्याची असते. समकालीन नृत्यात हालचाल हाच विषय असतो. कोण करतं याच्या आधी काय घडतं ते पाहिलं जातं.

हे पाहण्याची एक शिस्त आहे. रुडॉल्फ लाबान या हंगेरीत जन्मलेल्या नृत्यविचारवंताने 1928 साली हालचाल लिहून ठेवण्याची लिपी प्रसिद्ध केली. ती पानावर खालून वर वाचायची. चिन्हाच्या आकारावरून दिशा कळते, रंगवण्यावरून उंची आणि लांबीवरून वेळ. दुसऱ्या महायुद्धात लाबान इंग्लंडमध्ये होते आणि एफ. सी. लॉरेन्स या व्यवस्थापन सल्लागाराबरोबर कारखान्यांतल्या कामगारांच्या हालचाली अभ्यासत होते. कामगार थकतो कशाने, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून 1947 साली दोघांचं पुस्तक आलं. कोणतीही हालचाल चार अंगांनी पाहावी, असं त्यांचं म्हणणं: भार किती, वेळ कसा, दिशा नेमकी की पसरट, आणि ओघ आवरलेला की मोकळा.

चाड्यावरची मूठ या चार अंगांनी पाहिली तर तिचं मर्म उलगडतं. हाताचा भार अगदी हलका, वेळ सलग, दिशा नेमकी, ओघ आवरलेला. त्याच वेळी पायांचं सगळं उलट: भार जड, वेळ तुटक, दिशा ढेकळ ठरवेल ती. म्हणजे एकाच देहात कमरेच्या वर एक माणूस आणि खाली दुसरा, आणि दोघांचा समेट कमरेत. कोणत्याही नृत्यशाळेत हे शिकवायला वर्षं लागतात. आपल्या शिवारात ते आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे पेरणीच्या घाईत शिकवलं गेलं.

आता वसमतकडे जाऊ. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून वसमतची ओळख हळदीची बाजारपेठ म्हणून आहे. 2024 साली वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे या मातीत पिकलेल्या हळदीचं वेगळेपण कागदावर नोंदलं गेलं. त्या हळदीवरून फिरणाऱ्या हातांची नोंद कुठे नाही. काढणीच्या दिवसांत बांधावर थांबून पाहावं. पाला कापून झाला आहे, कंद जमिनीतून वर आले आहेत, आणि बायका ढिगाशी बसून हळकुंडं मोडताहेत. एका हातात गड्डा. दुसऱ्या हाताचा अंगठा हळकुंड जिथे गड्ड्याला चिकटलं आहे त्या सांध्यावर टेकतो. दाब, मनगटाला किंचित पीळ, आणि कट असा आवाज. लगेच माती झटकायची, हळकुंड एका ढिगावर, गड्डा दुसऱ्या. मान वर न करता, बोलता बोलता. जवळचा ढीग संपला की उठायचं नाही. उकिडवं बसल्या बसल्याच पावलांनी सरकायचं. हे सरकणं खुरपणीतही आहे, सोयाबीन सोंगतानाही आहे. नंतर शिजवणं आणि वाळवणं. शिजवायला पूर्वी मोठ्या काहिली, आता वाफेचे कुकर. पॉलिशला आता फिरता ड्रम आहे, पूर्वी वाळलेली हळद गोणपाटात घालून पायांनी घासत. त्या घासण्यातला पायाचा फेर आज वसमतमध्ये किती जणांना येत असेल? ड्रम आला हे फार बरं झालं, पण तो फेर कोणी शिकून घेतला नाही.

समजा एखाद्या नृत्यदिग्दर्शकाने हळकुंड मोडण्यावर रचना करायची ठरवली. आधी तो किंवा ती त्या बायकांबरोबर बसेल आणि बोटं दुखेपर्यंत हळकुंडं मोडेल. हे टाळून पुढे जाता येत नाही, कारण जोर किती लागतो हे अंगठ्यालाच कळतं. मग हातातून गड्डा काढून घेतला जातो. वस्तू नसताना तीच हालचाल करायची, पण तेवढाच दाब, तेवढाच पीळ, आणि सुटण्याचा तोच क्षण ठेवून. इथेच बहुतेकांची फजिती होते. शाळेच्या गॅदरिंगमधलं शेतकरी नृत्य आठवा: पोरं मनापासून नाचतात, पण हातातला विळा हवेत फिरतो, कारण पेंढीचा ताण हाताला कधी लागलेलाच नसतो. दाब सापडला की मग हालचाल दुसऱ्या अवयवात नेली जाते. अंगठ्यातला पीळ खांद्यात, खांद्यातला पाठीत, शेवटी सगळं शरीरच गड्ड्यापासून सुटणाऱ्या हळकुंडासारखं सुटतं. पुन्हा पुन्हा केल्याने तिच्यातला ताल वर येतो. मंद केलं तर जलद कामात झाकलेले तपशील दिसतात. दहा जणांनी वेगवेगळ्या वेळी सुरुवात केली तर शेतातलीच लय रंगमंचावर उभी राहते. पाहणाऱ्याला हळद दिसेलच असं नाही. वसमतच्या बाईला मात्र ती पहिल्या क्षणी ओळखू यावी, ही रचनेची कसोटी.

अशी कसोटी खरोखर पार करणाऱ्या कामांत मला अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातलं एक काम मोठं वाटतं. ॲलिसन ऑर या नृत्यदिग्दर्शिकेने शहराच्या सफाई कामगारांबरोबर बरेच महिने काढले. त्यांच्या गाड्यांवरून फिरल्या, कचरा उचलला. 2009 साली जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर 24 कामगार आणि 16 गाड्या यांचा प्रयोग झाला. नाचले कामगारच. पेटी खेचणं, गाडीच्या पायरीवर चढणं, यंत्राचा हात उचलणं, हे त्यांचंच काम त्यांनी हजारो लोकांसमोर केलं. पाऊस पडत होता तरी लोक बसून राहिले. तिथे शहराने आपल्या कामगारांना पहिल्यांदा नीट पाहिलं. जर्मनीत पिना बाउश यांनी 1978च्या ‘कोंटाक्टहोफ’ या आपल्या रचनेचा 2000 साली पासष्टी उलटलेल्या, नर्तक नसलेल्या स्त्रीपुरुषांना घेऊन नवा प्रयोग केला, आणि 2008 मध्ये किशोरवयीन मुलांना घेऊन. केस सारखे करणं, कपडा ओढून नीट करणं, समोरच्याला चाचपणं, याच त्या हालचाली. पण म्हाताऱ्या हाताने केस सारखे केले की त्याचा अर्थ बदलतो.

हालचाल देहात साठते म्हणजे नेमकं काय होतं? मेंदूच्या अभ्यासाने याचं बरंच उत्तर दिलं आहे. 1953 साली अपस्माराच्या शस्त्रक्रियेनंतर हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाची नवी आठवण साठवण्याची ताकद गेली. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला, पण रोज त्याला वाटे की हे आपण पहिल्यांदाच करतो आहोत. 1962 साली मिलनर यांनी ही निरीक्षणं मांडली, आणि हाताची आठवण व घटनांची आठवण मेंदूत वेगवेगळ्या जागी राहतात हे स्पष्ट होत गेलं. म्हणूनच नातवंडांची नावं विसरलेली आजी सूप हातात दिलं की पाखडायला लागते.

याची उलट बाजू पार्किन्सन्समध्ये दिसते. मेंदूच्या तळाशी डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि ज्या हालचाली विचार न करता होत होत्या त्याच अडतात. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, शर्टाचं बटण लावायला मिनिटं लागतात. अशा वेळी बाहेरून मिळालेला ठोका, जमिनीवरची रेघ, समोरच्याचं पाऊल यांनी मेंदूला दुसरी वाट सापडते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने 2001 साली पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नाचाचे वर्ग सुरू केले. पुण्यात कथकची पार्श्वभूमी असलेले समकालीन नर्तक हृषीकेश पवार यांनी 2010च्या सुमारास असा वर्ग सुरू केला आणि पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांनी त्यात भाग घेतला. इथे रोजच्या हालचाली जपायच्या त्या संग्रहासाठी नाहीत, उद्या सकाळचा चहाचा कप स्वतः उचलता यावा म्हणून. आपल्या महाराष्ट्रातलं या विषयाचं हे मला सगळ्यात जवळचं उदाहरण वाटतं. नाच आणि साधं जगणं यांच्यामध्ये तिथे भिंत उरलेली नाही.

आता एक अवघड गोष्ट. ज्या हालचालींबद्दल इतक्या प्रेमाने बोलतो आहोत, त्यांतल्या कितीतरी हालचालींनी बायकांच्या कमरा मोडल्या. जातं घ्या. एक पाय पसरायचा, दुसरा दुमडायचा, खुंटा धरायचा, एका हाताने वैरण घालत दुसऱ्याने ओढायचं, तेही पहाटेच्या अंधारात. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी 1980च्या दशकापासून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हा एक लाखाहून जास्त ओव्यांचा ठेवा पुढे ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर हळूहळू प्रसिद्ध होऊ लागला. त्या ओव्यांमधून कष्ट आणि दुःख दोन्ही ऐकू येतं. पिठाची गिरणी आली तेव्हा बाया सुटल्या. कोणी त्यांना पुन्हा जात्याशी बसा म्हणू नये. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई पाहून ‘काय तोल आहे’ एवढंच ज्याच्या तोंडून निघतं, त्याने ती मोळी एकदा डोक्यावर घेऊन पाहावी.

पण त्या बाईने तोल शिकलेला असतो, तो तिचा असतो. काम जाचक होतं म्हणून तिची जाण कमी दर्जाची ठरत नाही. ऊसतोड यंत्राने व्हावी आणि तोल तिच्या नातीला नाचातून मिळावा, असं मला मनापासून वाटतं. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1934च्या व्याख्यानात पहिल्या महायुद्धातली एक गोष्ट सांगितली होती. इंग्रज सैनिकांना फ्रेंच फावड्यांनी खणता येईना, म्हणून तुकडी बदलली की एका डिव्हिजनमागे 8,000 फावडी बदलावी लागत. खणण्यासारखं खणणंही समाज शिकवतो, ते कोणी आईच्या पोटातून घेऊन येत नाही, हे मॉसना दाखवायचं होतं. मराठवाड्यातल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या हातांना या दृष्टीने पाहिलं तर ते फार शिकलेले हात आहेत.

तंबाखू मळणाऱ्या म्हाताऱ्याचा तळहात घ्या: चुन्याची नखभर ओढ, अंगठ्याची रगड, वर दोन थापा, धूळ उडवायला एक फुंकर. किंवा पाटी डोक्यावर देताना दोघींमध्ये होणारा व्यवहार. एकजण वाकते, दुसरी लावते, दोघींचा श्वास एकाच वेळी रोखला जातो आणि पाटी चुंबळीवर बसली की एकाच वेळी सुटतो. बंजारा तांड्यावर होळीला किंवा तीजेला बायका फेर धरतात तेव्हा त्यांच्या वाकण्या-उठण्यात, टाळीत एक एकसंध लय असते, ती एकत्र राहण्या-राबण्यातून आलेली आहे. लोकसंगीताचे अमेरिकन अभ्यासक ॲलन लोमॅक्स यांनी इर्मगार्ड बार्टेनिएफ आणि फॉरेस्टीन पॉले यांच्यासह 1960च्या दशकात जगभरचे नाच आणि कामं चित्रफितींवर शेजारी ठेवून पाहिली, आणि लोकांच्या नाचात त्यांच्या कामाची ढब उतरते असं मांडलं. त्यांच्या सरसकट निष्कर्षांवर टीका झाली, ती योग्यही होती. पण तांड्यावरचा फेर पाहताना त्यांचा मूळ मुद्दा पटतो.

कामाच्या हालचाली नाचात उतरवून जपण्याचं हे काम इथे करायचं तर साधनं हाताशी आहेत. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ हिंगोलीसह चार जिल्ह्यांचं आहे, तिथे ललित व प्रयोगजीवी कलांचं संकुल आहे, युवक महोत्सवात दरवर्षी लोकनृत्याची स्पर्धा होते. त्या स्पर्धेला निघालेल्या कळमनुरीच्या किंवा सेनगावच्या पथकाने व्हिडिओवरचा नाच उचलण्याऐवजी आपल्याच घरातल्या पासष्टीच्या बाईकडून चाड्यावरची मूठ शिकून घ्यावी. दाणे खरे घ्यावेत, ढेकळं खरी असावीत, आणि उगवेल तेव्हा पेर सारखी पडली का ते तिच्याकडूनच तपासून घ्यावं. मग दाणे काढून टाकावेत आणि रचना करावी. शिकवणारीला मानधन द्यावं, तिची परवानगी असेल तर कार्यक्रमपत्रिकेवर गुरू म्हणून तिचं नाव छापावं, आणि पहिला प्रयोग तिच्या गावात करावा, पेरणी आटोपल्यावर, म्हणजे तिला पाहायला येता येईल.